मुखावरील एक गुण

मुखशृंगाराचा विषय निघाला कीं, आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. वडीलधारीं माणसें म्हणतात, देवानें दिलेलें रूप पुरे आहे, त्यावर रंग कशाला? तरुण मुली म्हणतात, चार दिवस हौस केली तर बिघडलें कोठें? दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. उत्तम शृंगार नवें रूप निर्माण करीत नाहीं. असलेल्या रूपांतील एखादा गुण तो उजेडांत आणतो. हें तत्त्व मीं आमच्याच घरच्या एका लग्नांत शिकलें.

आमचें घर वारज्यास. मुठेच्या कांठचें हें एके काळचें शेतमळ्यांचें गांव आतां पुणें शहरांत पुरतें मिसळून गेलें आहे. घरांत सासूबाई, आम्ही दोघी जावा, मुलेंबाळें आणि गेलीं बारा वर्षें माहेरीं राहणाऱ्या आमच्या विधवा वन्सं, असा भरला परिवार आहे. गेल्या मार्गशीर्षांत पुतणीचें लग्न झालें. मुलगी सांवळी, नाकानें किंचित् बसकी, पण डोळे असे कीं, तिच्या आधीं तेच बोलतात. लग्नापूर्वीं आठ दिवस रंगभूषा करणारी बाई नमुना दाखविण्यास आली. तिनें मुलीच्या वर्णाहून पुष्कळच उजळ लेप तोंडभर दिला, नाकाच्या दोन्ही अंगांस गडद रेघा ओढल्या आणि ओठ लालभडक केले. मान सांवळी, तोंड पिठासारखें! "काकू, ही मी नव्हेच," एवढेंच मुलगी म्हणाली आणि तोंड धुऊन आली.

तेव्हां वन्सं कोपऱ्यांतून म्हणाल्या, "अगं, नाक लपविण्याच्या नादांत तिनें तुझे डोळेच पुसून टाकले कीं!"

या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें. फिका रंग अवयवास पुढें आणतो, गडद रंग मागें सारतो. आणि पाहणाराची दृष्टि जेथें रंगांचा विरोध अधिक, तेथें प्रथम जाते. डोळे, ओठ आणि गाल हीं तिन्ही एकदम उठावदार केलीं, तर दृष्टीस विसांवा कोठेंच मिळत नाहीं. म्हणून आपल्या मुखावरील सर्वांत आवडता असा एकच गुण निवडावा आणि बाकीच्यांस त्याच्या मागें उभें करावें.

आपल्या मराठी रंगभूमीनें ही कला फार पूर्वींच आत्मसात केली होती. नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनीं १९११ सालच्या 'मानापमानां'त भामिनी आणि १९१६ सालच्या 'स्वयंवरां'त रुक्मिणी अशी उभी केली कीं, कुलीन घरांतील स्त्रिया त्यांच्या वेषभूषेचें व केशरचनेचें अनुकरण करूं लागल्या. परंतु रंगमंचाचा न्याय घरास लागूं पडत नाहीं. मंचावरील प्रखर दिव्यांत मुखाचे उंचसखल भाग दिसेनासे होतात आणि प्रेक्षक दूर बसलेला असतो. म्हणून तेथें सफेदा, पिवडी, हिंगूळ यांचे ठळक रंग लागत. घरांत आपल्याशीं बोलणारें माणूस दोन हातांवर असतें. मंगल कार्यालयांत छायाचित्रकाराच्या दिव्यांपुरता रंग थोडा वाढवावा, अधिक नव्हे.

आतां प्रत्यक्ष कृति. आरसा घेऊन खिडकीशीं, दिवसाच्या उजेडांत बसावें. लेपाची छटा हाताच्या पाठीवर न पाहतां जबड्याच्या कडेवर पाहावी. जी तेथें लावतांच दिसेनाशी होते, ती आपली. डोळे हा गुण असेल, तर काजळाची रेघ पापणीच्या केसांच्या मुळाशीं बारीक ओढून बाहेरच्या कोपऱ्याकडे किंचित् जाड करावी, भिंवयांचे विरळ भाग तेवढे भरावे आणि ओठांस त्यांच्याच रंगाहून जराशी गडद छटा द्यावी. ओठ सुरेख असतील, तर उलट करावें. लाल रंग ओठांस द्यावा आणि डोळ्यांस काजळाचा नुसता स्पर्श पुरे. नाक सरळ असेल, तर रंगाची गरजच नाहीं. ठसठशीत नथ तें काम करते. सांवळ्या वर्णास विटकरी, डाळिंबी, जांभळट या छटा खुलतात. फिकट गुलाबी त्यावर राखेसारखी दिसते.

कांहीं गोष्टींची मात्र भीति बाळगावी. खनिज सुरम्यांत शिशाचें गंधकसंयुग असूं शकतें, व शिसें मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तें कधींही घालूं नये. वर्ण उजळविण्याचा दावा करणाऱ्या अनोळखी मलमांत पारा सांपडतो आणि तो मूत्रपिंडें बिघडवितो. चेहऱ्यावरील लेपांत नकळत आलेला पाराही दशलक्षांत एका भागाहून अधिक नसावा, असा २०२० च्या नियमांचा दंडक आहे. चिकटणाऱ्या टिकलीच्या कांहीं डिंकांतील रसायनानें कपाळावर पांढरा डाग पडतो. तसें दिसूं लागतांच टिकली सोडून त्वचेच्या वैद्याकडे जावें. आणि गोरेपणाच्या मोहाबद्दल काय सांगावें! १९७५ सालीं बाजारांत आलेल्या एका प्रसिद्ध मलमास आपल्या नांवांतील गोरेपणाचा शब्द २०२० सालीं काढून टाकावा लागला. बाजारास जें उमगलें, तें आपल्या वधूसंशोधनासही उमगावें.

लग्नाच्या सकाळीं मुलीनें आपला शृंगार आपल्याच हातानें केला. डोळ्यांखेरीज कशासही तिनें महत्त्व दिलें नाहीं. मग काजळाची डबी हातांत तशीच धरून ती वळली. "आत्या, हे डोळे मीं तुझेच घेतले आहेत. मग तूं काजळ कां घालीत नाहींस?"

खोलींतल्या आम्ही साऱ्याजणी स्तब्ध झालों. आमच्या घराशेजारींच हिंगणें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं तेथें आला. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांस त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितलें. हें सारें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें, त्याची वाखाणणीही केली होती. पण आमच्याच घरांतील बाई बारा वर्षें प्रत्येक हळदीकुंकवास आंतल्या खोलींत बसते, याचा विचार कोणींच केला नव्हता.

सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझी आत्या आलवणांत होती. मी लहानपणीं तिला विचारीत असें, तूं अंधारांत कां बसतेस? मोठी झालें, आणि स्वतःच्या मुलीस विचारावयाचें विसरलें." मग त्यांनीं डबी घेऊन वन्संच्या पुढें केली. "घालावेंसें वाटलें तर घाल, बाळ. नको वाटलें तर राहूं दे. पण माझ्यासाठीं थांबूं नकोस."

वन्संनीं खिडकीशीं जाऊन काजळ घातलें. मुलीनें टिकलीही पुढें केली; तेव्हां त्या म्हणाल्या, "तें माझें मी ठरवीन गं." कपाळ त्यांनीं रिकामेंच ठेवलें, पण अक्षता टाकतांना त्या सर्वांच्या पुढें उभ्या होत्या. लग्नाचें छायाचित्र आतां आमच्या दिवाणखान्यांत आहे. त्यांत आत्या आणि भाची शेजारीं उभ्या आहेत, आणि पाहणारा प्रत्येक जण प्रथम डोळ्यांकडेच पाहतो.

वाचकभगिनींनीं आरशापुढें बसतांना आपल्या आवडत्या गुणाचा शोध अवश्य घ्यावा. पण घरांत असें कोणी आहे काय, कीं जिला आरशापुढें बसण्यास बऱ्याच वर्षांत कोणीं बोलाविलेंच नाहीं, हेंही एकदां पाहावें.