विरोळा

भाताच्या खाचरात, गावतळ्याच्या काठी किंवा जुन्या विहिरीच्या कपारीत केवळ डोके पाण्याबाहेर काढून निश्चल राहिलेला साप पुष्कळांनी पाहिलेला असतो. तोच विरोळा. काही भागांत त्यास दिवड असेही म्हणतात. भारतात बहुतेक सर्वत्र आढळणारा हा साप बिनविषारी आहे. १७९९ साली श्नायडर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्यास जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ 'मासे धरणारा कोळी' असा होतो. आणि त्याची शिकार एकदा पाहिली, म्हणजे ते नाव किती यथार्थ आहे हे पटते.

त्याचे अंग पिवळसर किंवा हिरवट तपकिरी असून त्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या चौकटी असतात. डोळ्यापासून खाली व मागे गेलेल्या दोन तिरप्या काळ्या रेषा ही त्याची ठळक खूण होय. नाकपुड्या किंचित वर वळलेल्या असल्यामुळे बाकीचे अंग पाण्यात ठेवूनही त्यास श्वास घेता येतो. मासे, बेडूक व बेडकांची पिले हे त्याचे मुख्य अन्न. मासा तो बहुधा डोक्याकडून गिळतो. नाहीतर मासळीचे काटेरी पर घशात अडकावयाचे! मादी पाण्याजवळच्या बिळात साधारणतः ३० ते ७० अंडी घालते व त्यांची राखण करते. पिले जन्मतः वीतभरदेखील नसतात, आणि बगळे व मोठे मासे त्यांतील पुष्कळांचा फडशा पाडतात.

विरोळा मोठा तापट. कोंडीत सापडला, की तो डोके उचलतो, मान चपटी करतो आणि फूत्कार टाकून चावावयास धावतो. या सोंगाने शत्रू बिचकतो खरा. पण माणसापुढे तेच सोंग त्याच्या जिवावर बेतते. चपटी मान पाहताच 'नाग, नाग' अशी ओरड होते आणि काठ्या पडू लागतात. वस्तुतः नाग अंगाचा पुढचा बराच भाग उभा करून रुंद फणा काढतो, आणि त्याचे खवले गुळगुळीत असतात. विरोळ्याची मान थोडीशीच पसरते, आणि त्याच्या पाठीवरील खवल्यांच्या मधोमध बारीक कंगोरा असतो. अर्थात हा भेद दुरूनच पाहावा. ओळखण्यात चूक होऊ शकते. म्हणून कोणताही साप चावला, तरी त्या माणसास विनाविलंब रुग्णालयात नेणे हेच इष्ट. सापास मारण्याचे मात्र कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विरोळ्यास संरक्षणही दिलेले आहे.

शत्रूने शेपटी धरली, तर विरोळा अंगास पीळ देऊन ती तोडून टाकतो व निसटतो. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते. विरोळ्याची वाढत नाही. त्यामुळे एखाद्या तळ्यात थोट्या शेपटीचा विरोळा तितक्याच चपळाईने मासे धरताना दिसतो.