२०० पैकी २१४

जानेवारी २०२४ मध्ये तलाठी भरतीचा निकाल लागला आणि एका आकड्यापाशी सगळे थबकले. परीक्षा २०० गुणांची आणि यादीतल्या सर्वोच्च गुणांचा आकडा २१४. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकांत बसणारी जालना-बीड-परभणीची पोरं असोत की पुण्याच्या पेठांतली, प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता : घोटाळा.

त्या संतापाला कारण होतं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला आणि ती परीक्षा पुढे रद्द झाली. त्याच वर्षी डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाल्याचं कळलं, तेव्हा कित्येक उमेदवार परगावच्या केंद्राकडे निघालेले होते. इतक्या ठेचा खाल्लेल्या माणसाला २१४ दिसल्यावर दुसरं काय वाटणार? पण तो आकडा एकट्याने घोटाळा सिद्ध करत नाही. तो एका सूत्रातून आलेला आहे, आणि ते सूत्र ज्या कोड्याला भिडतं ते कोडं मला थक्क करतं.

कोडं असं. सुमारे १० लाख ४१ हजार अर्ज आले. प्रत्यक्ष बसले ८ लाख ६४ हजारांहून जास्त. जागा साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे एका जागेमागे १९० जण. एवढ्यांना एकाच वेळी बसवायला राज्यात तेवढे संगणक नाहीत. म्हणून १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०२३ या काळात परीक्षा ५७ सत्रांत झाली. तोच पेपर सकाळी आणि दुपारी दिला तर दुपारपर्यंत तो टेलिग्रामवर येणार, तेव्हा दर सत्राला वेगळा पेपर. पण दोन पेपर तंतोतंत सारख्या काठिण्याचे काढणं कोणालाच साधलेलं नाही. मग सकाळच्या १७० ची दुपारच्या १८४ शी तुलना करायची कशी? एकाला दौलताबादच्या घाटात धावायला लावायचं, दुसऱ्याला सपाट जालना रोडवर, आणि नुसतं घड्याळ बघून नंबर काढायचा, तसंच ते होईल.

इथे सांख्यिकी मदतीला येते. ती विचारते, तू तुझ्या सत्रातल्या बाकीच्यांच्या किती पुढे आहेस? हे अंतर गुणांत मोजायचं नाही, त्या सत्रातले गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या पटीत मोजायचं. या पसरटपणाच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. समजायला सोपे, माझ्या मनाचे आकडे घेऊ. अवघड सत्राची सरासरी ८०, प्रमाण विचलन ३०. त्यात १७० मिळवणारी मुलगी सरासरीच्या ९० गुण, म्हणजे तीन विचलनं पुढे आहे. सोप्या सत्राची सरासरी १२०, विचलन ३२. तिथे १८४ मिळवणारा मुलगा दोनच विचलनं पुढे. आता दोघांना एका समाईक पट्टीवर आणू, जिची सरासरी १०५ आणि विचलन ३५ आहे. मुलगी जाते १०५ अधिक १०५, म्हणजे २१० वर. मुलगा १०५ अधिक ७०, म्हणजे १७५ वर.

मुलीला पेपरातल्या गुणांपेक्षा जास्त 'मिळालेले' नाहीत. तिचं स्थान एका वेगळ्या पट्टीवर मांडलंय, आणि त्या पट्टीला २०० वर थांबायचं बंधन नाही. प्रत्यक्ष भरतीत वापरतात ती सूत्रं याहून गुंतागुंतीची असतात, पण गाभा हाच. जेईई मेन २०१९ पासून गुणांऐवजी पर्सेंटाइल देते. तुमच्या सत्रातले किती टक्के तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच ते सांगतं, त्यामुळे आकडा शंभराच्या वर जाऊच शकत नाही. तलाठीचा निकाल तसा मांडला असता तर २१४ हा आकडा कुणाला दिसलाच नसता.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. अवघड पेपर होता की उमेदवार कच्चे होते, हे सूत्राला कसं कळतं? त्याला ते कळत नाही. ते गृहीत धरतं की ५७ही सत्रांत सारख्याच वकुबाची माणसं बसली होती. हे गृहीत ऐकायला धाडसी वाटतं, पण उमेदवारांचं वाटप खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं असेल तर ते आश्चर्यकारकरीत्या खरं ठरतं. एका सत्रात सरासरी पंधरा हजार जण. विचलन ३० धरलं, तर नुसत्या योगायोगाने एका सत्राची सरासरी पाव गुणाच्या आसपासच इकडेतिकडे होते. दोन सत्रांत योगायोगाने एका गुणाचा फरक पडणंही दुर्मीळ. मग सरासऱ्यांत पंधरा गुणांचं अंतर दिसलं तर तो फरक पेपरचा, माणसांचा नाही, असं छातीठोक म्हणता येतं. पंधरा हजार अनोळखी माणसं, कुणी वैजापूरची, कुणी गडचिरोलीची, आणि त्यांच्या गर्दीला इतकी स्थिर सरासरी असते!

म्हणजे या न्यायाचा पाया चिठ्ठी आहे. उद्या कुणी वाटप करताना एखाद्या सत्रात एकाच भागातले, एकाच प्रकारचे उमेदवार भरले, तर सूत्र जसंच्या तसं ठेवूनही निकाल वाकडा होईल. आणखी एक फट आहे. पेपर फार अवघड असला की बहुतेक जण खाली गोळा होतात आणि मोजकेच दूर वर निसटतात. अशा वेळी विचलनाची पट्टी त्या मोजक्यांना जरा जास्तच उचलते. म्हणून माझं ठाम मत आहे की निकालासोबतच प्रत्येक सत्राची उपस्थिती, सरासरी आणि विचलन छापावं. ५७ ओळींचा तक्ता, दोन पानांत मावेल.

चिठ्ठी टाकणं म्हणजे कोण कुठे बसतोय हे मुद्दाम न पाहणं. परीक्षेत असं आंधळं होण्याची युक्ती फार जुनी. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये सुंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत. पण परीक्षक अक्षरावरून माणूस ओळखतील, म्हणून कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिका नव्याने लिहून काढत आणि परीक्षकाकडे फक्त नक्कल जाई. भारतीय नागरी सेवेची, म्हणजे आयसीएसची, स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली. परीक्षा सर्वांना एकच, पण केंद्र लंडनमध्ये. बोटीचं भाडं ज्याच्याकडे नाही तो पहिला प्रश्न वाचण्याआधीच नापास. दादाभाई नौरोजी आयुष्यभर याविरुद्ध झगडले. भारतात ही परीक्षा पहिल्यांदा १९२२ साली अलाहाबादेत झाली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख त्याआधी चारच वर्षं, १९१८ मध्ये, या परीक्षेत पहिले आले होते, अर्थात लंडनला जाऊन.

केंद्राचं अंतर आजही सूत्राला दिसत नाही. २१ ऑगस्ट २०२३ ला सर्व्हर बंद पडला आणि राज्यभर सकाळच्या सत्राचे तलाठी उमेदवार केंद्रांबाहेर ताटकळले. त्यातला जो रात्रभर एसटीत बसून आला होता, त्याच्या डोळ्यांवरची झोप कुठल्या विचलनात धरायची? कॉपीचंही तसंच. याच परीक्षेत उत्तरं पुरवल्याचं प्रकरण सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगरातही पोलिसांत गेलं. पंधरा हजारांत एका चोराने सरासरी तसूभरही हलत नाही, म्हणून गणित त्याला पकडू शकत नाही. ते काम दारावरच्या तपासणीचं आणि पोलिसांचं.

तयारीतला फरक तर आणखी खोल. अभ्यासिकेत गेलात तर प्लायवूडच्या आडोशांमध्ये एकेक खुर्ची, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, वाळंब्यांचं व्याकरण, पाण्याची बाटली, आणि टेस्ट सिरीजच्या पेपरावर पेन्सिलीने केलेल्या खुणा दिसतात : खात्रीचं, पन्नास-पन्नास, सोडून द्यायचं. या खुणांमागेही गणित आहे. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा प्रश्न दोन गुणांचा आणि चुकलं की पाव भाग, म्हणजे अर्धा गुण वजा. चार पर्यायांतून सोळा प्रश्न डोळे झाकून सोडवले तर सरासरीने चार बरोबर येतात, ८ गुण. बारा चुकतात, ६ वजा. हातात २ उरतात. यूपीएससी एकतृतीयांश कापते, तिथे याच सोळा प्रश्नांचा हिशोब बरोबर शून्यावर येतो. आणि प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर एमपीएससीत त्याच सोळांतून सरासरी १२ गुण निघतात. एका गुणावर कट-ऑफ हुकतो तिथे हे माहीत असणं म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाइतकं मोलाचं. क्लासवाले हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ज्याला क्लासची फी परवडत नाही, त्याला ते तिसऱ्या अटेम्प्टला उमगतं. सरकारची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यातलं एक छत्रपती संभाजीनगरात आहे. पण तिथेही प्रवेश परीक्षा आणि मोजक्या जागा.

सत्रांचं दुखणं नको म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला उमेदवार रस्त्यावर उतरले आणि उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाला पीसीएसची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेणं मान्य करावं लागलं. ती २२ डिसेंबरला झाली. एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा कागदावरच होते, एकाच दिवशी, सर्वांना तेच प्रश्न, फक्त संचागणिक क्रम बदललेला. तिथे सत्रांचे गुण एका पट्टीवर आणण्याची गरज पडत नाही. पण राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत ठरली, आणि कोडं दुसऱ्या दाराने आत आलं. आता पेपर एक, परीक्षक अनेक, त्यांत कुणी हात सैल सोडणारा, कुणी आखडता घेणारा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये संजय सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात याच गुंत्याची उकल केली. सर्वांनी तेच विषय दिलेले असताना गुण ताणून बसवणारं सूत्र लावणं चूक, परीक्षकांतला फरक काढायचा तर उत्तरपत्रिकांचं मॉडरेशन करा, असं न्यायालयाने म्हटलं. त्यात मुख्य परीक्षक प्रत्येकाच्या तपासलेल्या काही उत्तरपत्रिका स्वतः पुन्हा तपासतो, कोण किती कडक ते ठरवतो आणि त्या मापाने त्या परीक्षकाचे गुण वरखाली करतो. मुख्य परीक्षेचं उत्तर लिहायचा सराव करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा मुळातून वाचावा. आपली उत्तरपत्रिका कोणाच्या हातात पडली यावर आपले गुण किती हलू शकतात, आणि ते हलू नयेत म्हणून आयोगाकडे काय मागायचं, हे त्यात लिहिलेलं आहे.