देश वेगळा झाला, नोटा नाशिक रोडच्याच

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला, तेव्हा चलनाचा प्रश्न आला नाही. युरो त्याने कधी स्वीकारलाच नव्हता. पौंड घरचाच होता. हे भाग्य सर्वांना लाभत नाही.

पाकिस्तानचेच पाहा. १४ ऑगस्ट १९४७ ला देश झाला, पण स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि नोटांचा छापखानाही नव्हता. त्यामुळे जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाच त्याचे चलन सांभाळत होती. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जात होत्या. तिथेच भारतीय नोटांवर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ अशी अक्षरे चढली. एप्रिल १९४८ पासून त्या पाकिस्तानात चालू लागल्या. सीमेवर रक्त सांडत होते, रोख शिलकीच्या वाटणीतले ५५ कोटी रुपये जानेवारीत वादात अडकले होते, तरी छपाईचे काम झाले. नाशिककरांनी याचा अभिमान बाळगायला हवा.

१ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. पुढे पाकिस्तानातून बांगलादेश फुटला. ४ मार्च १९७२ ला आलेल्या त्याच्या पहिल्या टाका नोटाही नाशिक रोडलाच छापल्या होत्या.