आंबागडचा दगड

नागपूर-रायपूर महामार्गावर एसटी थांबली की साकोली एक गजबजलेलं तालुक्याचं गाव दिसतं. पण भूशास्त्रज्ञांच्या नकाशावर हे नाव फार मोठ्या अक्षरांत आहे. भंडारा आणि आसपासच्या जिल्ह्यांखाली पसरलेल्या अतिप्राचीन खडकांच्या त्रिकोणी पट्ट्याला ते ‘साकोली समूह’ म्हणतात. इथली धानाची बांधी, तलाव, बोड्या, नागझिऱ्याकडे जाणारं जंगल हे सगळं त्या पुरातन जमिनीवर उभं आहे.

तालुक्यातच सानगडीचा किल्ला आहे, पण जंगलातला गड बघायचा तर उत्तरेला तुमसरच्या पुढे आंबागडला जावं. सातपुड्याच्या पायथ्याशी, झाडीत दडलेला हा डोंगरी किल्ला. १७०० च्या सुमारास तो राजखान पठाणाने बांधला. राजखान हा देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाचा सुभेदार. ज्या बख्त बुलंदने नागपूर शहराचा पाया घातला, तोच हा राजा. गडावरून उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेला वैनगंगेचं मैदान. देवगडच्या राज्याला आपल्या मुलखावर नजर ठेवायला याहून चांगली जागा कोणती?

पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. इथल्या कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत आणि त्यातच ते मरत, असं सांगतात. बुरूज बघताना ती माणसं आठवतातच. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र आंबागडवर सगळ्यात जुनी गोष्ट तटबंदी नव्हे. ती पायाखाली आहे.

रायगड, राजगड, हरिश्चंद्रगड हे सह्याद्रीतले गड बेसॉल्टचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचला, म्हणून तिथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि कडे ताशीव. आपल्या मनातला ‘किल्ला’ त्याच दगडाने घडवलेला आहे. भंडाऱ्याच्या या कोपऱ्यात तो लाव्हा नाही. इथे आहे सौसर समूहाचा खडक, साकोली समूहाहून वेगळा. कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ जमिनीत खोल गाडला गेला, प्रचंड दाबाने आणि उष्णतेने पार बदलला, आणि त्याचे सपाट थर चुरगळलेल्या गोधडीसारखे दुमडले. या उलथापालथीला सुमारे शंभर कोटी वर्षं झाली. खडकातल्या झिरकॉनच्या कणांत युरेनियमचं शिसं किती झालं, हे मोजून असा काळ काढतात. तेव्हा जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. हाड असलेला एकही प्राणी पृथ्वीवर जन्मला नव्हता. राजखानाचे गवंडी या दगडाशी पोहोचले, तेव्हा त्याची सगळी उमर सरून गेली होती!

त्याच समुद्रतळावर मॅंगनीजही साचलं. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या तुमसर तालुक्यातल्या खाणी त्याच्याच. डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या साध्या सेलमध्ये वापरतात. गडाच्या अंधाऱ्या खोलीत आपण टॉर्च लावतो, तेव्हा तो उजेड याच मातीतून आलेला असू शकतो. मॅंगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी मिळून झालेल्या इथल्या खडकाला ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मरने १९०९ च्या सुमारास ‘गोंडाइट’ म्हटलं, या प्रदेशातल्या गोंडांवरून. देवगडचं राज्य संपलं, पण जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गोंड आजही दगडाच्या रूपाने आहेत. मला हा सन्मान कुठल्याही शिलालेखाहून मोठा वाटतो.

जायचं तर हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात हा दगड भयंकर तापतो, पावसाळ्यात वाट निसरडी होते. पाणी आणि टॉर्च सोबत ठेवा. आणि भिंतीवर नाव कोरू नका. चढताना एकदा थांबून पायवाटेवरचा दगड हातात घ्या, उन्हात वळवून बघा, आणि जिथे होता तिथेच ठेवा.