नरसाळं, चेंडू आणि फुंकर

नरसाळ्यात टेबल टेनिसचा चेंडू ठेवा आणि नळीतून जोरात फुंका. चेंडू छताला लागणार, अशी पोरांची खात्री असते. तो बाहेर पडतच नाही! आता नरसाळं उलटं करा, चेंडू बोटाने आत टेकवून धरा, फुंकायला लागा आणि बोट काढा. दम आहे तोवर चेंडू तसाच लटकतो. दम संपला की टपकन खाली.

चेंडू आणि नरसाळं यांच्यातल्या चिंचोळ्या फटीतून हवा वेगाने निसटते, तिथला दाब घटतो. बाहेरच्या हवेचा दाब मात्र तोच, दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो वजनाइतका. तोच चेंडूला आत दाबून धरतो. वेग आणि दाबाचं हे नातं डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात मांडलं.

पण कागदाच्या पट्टीवरून फुंकल्यावर ती वर उचलली जाते, त्याला सरसकट हेच कारण देतात ते मला पटत नाही. तोंडातून मोकळ्यावर आलेल्या झोताचा दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो. तो झोत वाकलेल्या कागदाला धरून वळतो, म्हणून तिथला दाब कमी होतो. पडताळा सोपा: पट्टी सरळ लोंबती धरा आणि एकाच बाजूने, कागदाला समांतर, वरून खाली फुंका. ती जेमतेम हलते.

वर्गात करताना नळी प्रत्येक मुलानंतर पुसा, आणि चेंडू चारपाच जास्तच ठेवा. बाकांखाली गडप होतात.