पालेभाज्यांचे पोषणमूल्य

ज्या वनस्पतींची पाने, कोवळे देठ किंवा शेंडे शिजवून वा कच्चे खाल्ले जातात, त्यांना पालेभाज्या म्हणतात. महाराष्ट्रात पालक, मेथी, माठ, तांदुळजा, राजगिरा, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, करडई, अळू, कोथिंबीर व कोबी या पालेभाज्या प्रचारात असून पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, घोळ यांसारख्या आपोआप उगवणाऱ्या भाज्याही खाल्ल्या जातात. पालेभाज्यांपासून ऊर्जा अल्प मिळते. परंतु खनिजे, जीवनसत्त्वे व तंतुमय पदार्थ यांच्या पुरवठ्यामुळे त्यांची गणना संरक्षक अन्नात होते. त्यांच्या पोषणमूल्याची तुलना करताना विश्लेषणात आढळणारे घटकांचे प्रमाण आणि शरीरास प्रत्यक्ष उपयोगी पडणारे प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. कारण या दोहोंत पुष्कळदा मोठी तफावत असते.

घटक : भारतीय अन्नपदार्थांच्या पद्धतशीर विश्लेषणास कुन्नूर येथील प्रयोगशाळेत आरंभ झाला व डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये पहिली कोष्टके प्रसिद्ध केली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेल्या कोष्टकांची सुधारित आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. तीनुसार काही पालेभाज्यांच्या १०० ग्रॅ. खाद्य भागातील घटक पुढीलप्रमाणे आहेत.

| पालेभाजी | प्रथिने (ग्रॅ.) | कॅल्शियम (मिग्रॅ.) | कॅरोटीन (मायक्रोग्रॅ.) | क जीवनसत्त्व (मिग्रॅ.) |
|---|---|---|---|---|
| शेवग्याचा पाला | ६.७ | ४४० | ६,७८० | २२० |
| मेथी | ४.४ | ३९५ | २,३४० | ५२ |
| माठ | ४.० | ३९७ | ५,५२० | ९९ |
| अळू | ३.९ | २२७ | १०,२७८ | १२ |
| कोथिंबीर | ३.३ | १८४ | ६,९१८ | १३५ |
| पालक | २.० | ७३ | ५,५८० | २८ |
| कोबी | १.८ | ३९ | १२० | १२४ |

या आकड्यांतील काही फरक केवळ पाण्याच्या प्रमाणामुळे पडतो. पालकात सुमारे ९२ टक्के, तर शेवग्याच्या पाल्यात सुमारे ७६ टक्के पाणी असते. पाणी वगळून हिशेब केल्यास दोन्हींमध्ये प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे शुष्क भागाच्या सुमारे एक चतुर्थांश भरते. कॅरोटीन हे पानांतील हरितद्रव्याच्या सोबत असते. कोबीच्या गड्ड्यातील आतील पानांना प्रकाश न मिळाल्याने ती फिकट राहतात व त्यांत कॅरोटीन अत्यल्प असते. सामान्यतः पान जितके गडद हिरवे, तितके त्यात कॅरोटीन अधिक, असे म्हणता येते. कोथिंबिरीचे आकडे मोठे असले, तरी ती एका वेळी थोडीच खाल्ली जाते, हेही लक्षात घ्यावे लागते.

वाण, जमीन, ऋतू, पानांचे वय व तोडणीनंतर गेलेला काळ यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांत शेवग्याच्या पाल्यातील क जीवनसत्त्व सुमारे १०८ मिग्रॅ. व कोबीतील सुमारे ३३ मिग्रॅ. दिले आहे. म्हणून कोष्टकातील आकडे मर्यादादर्शक समजावेत. बारीकसारीक फरकांना महत्त्व देऊ नये.

लोह : पालेभाज्यांतील लोहाविषयी बराच काळ अवास्तव कल्पना रूढ होत्या. पालकात १०० ग्रॅ.मागे १०.९ मिग्रॅ. लोह असल्याचे पूर्वीची कोष्टके दर्शवीत. १९८९ च्या आवृत्तीत हा आकडा १.१४ मिग्रॅ. व २०१७ मध्ये सुमारे ३ मिग्रॅ. देण्यात आला. पानांना चिकटलेल्या मातीतील लोह व विश्लेषणाच्या पद्धतीतील फरक यांमुळे असे आकडे फुगू शकतात. शिवाय वनस्पतिजन्य लोहाचे आतड्यात अभिशोषण कमी होते. जेवणात लिंबू, आवळा यांसारखे क जीवनसत्त्वयुक्त पदार्थ असल्यास ते वाढते, तर जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. रक्तक्षय झालेल्या व्यक्तीस केवळ पालक खाऊन तो बरा करता येत नाही. योग्य औषधोपचार आवश्यक असतो.

ऑक्झॅलेटे : माठ व पालक यांत १०० ग्रॅ.मागे अर्ध्या ग्रॅमहून अधिक ऑक्झॅलिक अम्ल आढळते, तर मेथी, कोथिंबीर व कोबी यांत ते अत्यल्प असते. हे अम्ल कॅल्शियमाशी संयोग पावून न विरघळणारे लवण बनते व ते कॅल्शियम शरीरास मिळत नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दुधातील सुमारे २७ टक्के कॅल्शियम शोषले गेले, तर पालकातील केवळ ५ टक्के. म्हणून कोष्टकात माठ व मेथी यांतील कॅल्शियम जवळजवळ समान दिसले, तरी त्या दृष्टीने मेथी श्रेष्ठ ठरते. मोहरी कुलातील भाज्यांतही ऑक्झॅलेट कमी असते. फुलकोबीचा पाला बहुधा फेकून दिला जातो. परंतु १९८९ च्या कोष्टकांनुसार त्यात १०० ग्रॅ.मागे ६२६ मिग्रॅ. कॅल्शियम असते. अळूची खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. ती कमी करण्यासाठी अळू चिंच वा आमसूल घालून नीट शिजवितात. ऑक्झॅलेटयुक्त मूत्राश्म (मुतखडा) वारंवार होणाऱ्या रुग्णांनी पालक व माठ बेताने खाणे इष्ट असते.

जीवनसत्त्वे : कॅरोटिनापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. आहारातील १२ मायक्रोग्रॅ. बीटा-कॅरोटिनापासून १ मायक्रोग्रॅ. अ जीवनसत्त्व मिळते, असे २००१ पासून मानण्यात येऊ लागले. पूर्वी हे गुणोत्तर अधिक अनुकूल समजले जाई. कॅरोटिनाच्या अभिशोषणास स्निग्ध पदार्थ लागतात, त्यामुळे तेलाची फोडणी देऊन केलेली भाजी या दृष्टीने उपयुक्त ठरते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांत रातांधळेपणा येतो व त्रुटी तीव्र झाल्यास स्वच्छमंडल मऊ पडून कायमचे अंधत्व येते. भारतात १९७० मध्ये बालकांना या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ठराविक कालांतराने तोंडावाटे देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्या घरांतील बालकांत हा विकार दिसे, त्यांच्या परसात वा बांधावर शेवगा, राजगिरा, अळू यांपैकी काही ना काही बहुधा उगवत असे. भाजीचा अभाव हे विकाराचे एकमेव कारण नव्हते. भाजी मोठ्यांसाठी शिजे व बालकाला पातळ पेज मिळे, ही रीतही त्यास कारणीभूत होती. सहा महिन्यांनंतर वरणभातात शिजवून कुस्करलेला पाला थोड्या तेलातुपासह देता येतो.

फॉलिक अम्ल हे ब गटातील जीवनसत्त्व १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून वेगळे करण्यात आले व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास नाव मिळाले. गर्भाच्या मज्जारज्जूच्या योग्य वाढीस ते आवश्यक असते. गडद पानांत के जीवनसत्त्वही विपुल असते; रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरीन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी बदलू नये. ब१२ जीवनसत्त्व मात्र पालेभाज्यांतून मिळत नाही.

शिजविण्याचा परिणाम : क जीवनसत्त्व व फॉलिक अम्ल पाण्यात विरघळतात आणि उष्णतेने नाश पावतात. याकरिता भाजी चिरण्यापूर्वी भरपूर पाण्यात धुवावी, चिरून फार वेळ ठेवू नये व झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी. उकळून पाणी काढून टाकल्यास ऑक्झॅलेट कमी होते, परंतु ही जीवनसत्त्वेही वाया जातात. कॅरोटीन त्या मानाने टिकाऊ असते; मात्र पाला उन्हात वाळविल्यास त्याचा बराच नाश होतो, सावलीत वाळविल्यास कमी.

निवड : कोणतीही एक पालेभाजी सर्व दृष्टींनी श्रेष्ठ नाही. कॅल्शियमासाठी मेथी व शेवगा, कॅरोटिनासाठी अळू, माठ व शेवगा, तर फॉलिक अम्लासाठी पालक उपयुक्त आहेत. प्रौढ व्यक्तीच्या दैनंदिन आहारात सुमारे १०० ग्रॅ. पालेभाजी असावी, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. भाजीची किंमत व तिचे पोषणमूल्य यांचा परस्परसंबंध नसतो. मुळ्याचा वा हरभऱ्याचा पाला, शेवगा व तांदुळजा यांसारख्या स्वस्त किंवा विनामूल्य मिळणाऱ्या भाज्या आलटून पालटून खाल्ल्यास ही गरज अल्प खर्चात भागते.