पोट भरले, पण गरज भागली का?

माढा तालुक्याच्या एका बाजूस भीमा, दुसऱ्या बाजूस सीना. उजनी धरणाचे पाणी पोहोचले तेथे ऊस उभा राहिला. उरलेल्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारी हेच मुख्य पीक. जवळच्या मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी या भागास दाणाही देते आणि कडबाही. माणसाची भाकरी आणि जनावराची वैरण एकाच ताटावर पिकते. तरीही कडब्याने पोट भरलेली गाय रोडावते आणि पेज पिऊन झोपी गेलेले मूल वजनात मागे पडते, हे दृश्य ग्रामीण भागास अपरिचित नाही. याचे कारण समजण्यासाठी भुकेचे नियमन कसे होते, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

भुकेचा कारभार

मेंदूच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग अन्नग्रहणावर नियंत्रण ठेवतो. या भागाच्या मध्याला इजा झाल्यास उंदीर स्थूल होतात, असे १९४० मध्ये दिसून आले. पुढे १९५१ मध्ये भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. बी. के. आनंद व त्यांचे सहकारी जॉन ब्रोबेक यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात दाखवून दिले की, त्याच भागाच्या दोन्ही कडा निकामी केल्यास समोर अन्न असूनही उंदीर ते घेत नाहीत. मेंदूकडे वार्ता मात्र शरीरातूनच जाते. शरीरातील चरबीचा साठा कळविणारे लेप्टिन १९९४ मध्ये आणि रिकाम्या जठरातून भुकेचा संदेश देणारे घ्रेलिन १९९९ मध्ये सापडले. याखेरीज जठर ताणले गेले की मज्जातंतूंमार्फत ‘पुरे’ असा निरोप जातो. हा शेवटचा निरोप अन्नाचे आकारमान सांगतो. त्याचा कस सांगत नाही. घोटाळा होतो तो येथेच.

गोठ्यातील अनुभव

गाईम्हशींच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा शंभर लिटरांहून अधिक सामावतो. त्यातील सूक्ष्मजीव चारा कुजवितात, तेव्हा जनावराचे पोषण होते. वाळल्या कडब्यात प्रथिने फार थोडी. त्यामुळे सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते, चारा पोटात दीर्घकाळ पडून राहतो व जागा रिकामी होत नाही. जनावर खाणे थांबविते ते तृप्त झाले म्हणून नव्हे, तर जागा नाही म्हणून.

यावर उपाय आहेत. कडबा कुट्टी करून दिल्यास वाया कमी जातो व अधिक खाल्ला जातो. शंभर किलो कुट्टीस चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि कुट्टी एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवावी. अशी वैरण अधिक पचते. मात्र सहा महिन्यांखालील वासरांस ती देऊ नये आणि युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागणार नाही, याची दक्षता घ्यावी. टंचाईच्या दिवसांत उसाच्या वाढ्यांवरच भिस्त ठेवणेही हितावह नाही. त्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम अडवून ठेवते.

याउलट दाण्याच्या राशीत शिरलेली शेळी वेळीच थांबत नाही. पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते. म्हणून खुराकातील कोणताही बदल हळूहळू, काही दिवसांत विभागून करावा.

अंगणवाडीतील बालक

मुलाच्या बाबतीत हेच तत्त्व अधिक मोलाचे ठरते. सहा किलो वजनाच्या बालकाचे जठर एका वेळी सुमारे १८० मिलिलिटर अन्न सामावते. ते पातळ पेजेने भरले तर मूल तोंड फिरविते आणि आईस वाटते, पोट भरले. म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपानासोबत घट्टसर वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचे बारीक कूट व थोडे तेल असा कसदार आहार द्यावा. नऊ महिन्यांनंतर तो दिवसातून तीन-चार वेळा द्यावा.

मूल अतितीव्र कुपोषित झाले की भूकच मंदावते. ‘मागत नाही, म्हणजे भूक नाही’ हा समज अशा वेळी घातक ठरतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास आरोग्य केंद्रात त्याची भूक-चाचणी घेतली जाते. चाचणीत अन्न न घेणाऱ्या बालकास रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तेथील वजनाची नोंद ही बालकाच्या न बोललेल्या भुकेची नोंद होय. शिक्षकांनी ती पालकांस समजावून सांगावी, पंचायत सदस्यांनी मासिक सभेत ती विचारावी. गावात किती पोटे भरली याबरोबरच किती वजने वाढली, हेही पाहिले गेले पाहिजे.